नव्या गुरुजींना चार्ज

काकडे सर मला पहिल्यांदा दिसले ते मोबाइलला दम देताना. आमच्या शाळेच्या जिन्याच्या पायरीवर बसून, मोबाइल हातभर लांब धरून ते म्हणत होते, "गुर्जी, तुमी लई घाई करू राह्यले. आधी माझं ऐकून तर घ्या. एकतीस पोरं हायत माझ्याकडं. सात बिहारची, घरी हिंदी बोलत्यात. पाच जणांच्या आया कंपनीत पहिल्या पाळीला जात्यात, ती पोरं सकाळी न खाता येत्यात. दोघं भाऊ एकाच वर्गात हायत. धाकटा हुशार, आन् थोरल्याला त्याचं वाईट वाटतं. आता हे ध्यानात घिऊन सांगा, उद्या हातच्याची वजाबाकी कशी शिकवू?"

मला वाटलं, पलीकडे फोनवर कुणी बिचारे गुरुजी ऐकून घेत असतील. वाकून पाहिलं तर पलीकडे एआय. मी हसले ते त्यांनी पाहिलं. पण ओशाळले नाहीत. उलट सरकून मला पायरीवर जागा करून दिली आणि म्हणाले, "बसा ताई. लई शिकेल हायत हे, पण घाईचे हायत."

आम्हा दोघांना पुढचे पाच दिवस बरोबर काम करायचं होतं. 'वर्गात एआयचा वापर' या विषयावर साठ शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, पुंडलिकनगरजवळच्या आमच्याच शाळेच्या वरच्या हॉलमध्ये. आम्ही दोघे सुलभक, म्हणजे शिक्षकांना शिकवणारे शिक्षक. माझी निवड रीतसर झाली होती. कॉम्प्युटरचं काही असलं की तालुक्यात माझं नाव निघायचं, आणि ते निघावं अशी व्यवस्थाही मी करून ठेवली होती. काकडे सरांचं नाव मात्र ऐनवेळी आलं. मूळचे सुलभक दुसऱ्या कामावर गेले आणि रिकाम्या जागी कुणीतरी हवं म्हणून चितेगावकडच्या शाळेतून यांना बोलावलं. सेवानिवृत्तीला दोनच महिने उरलेले, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि टायपिंगचा इतका कंटाळा की जे काही सांगायचं ते तोंडानं. मी मनातल्या मनात त्यांना चहा-पोहे आणि हजेरीचं खातं देऊन टाकलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी मी माझ्या स्लाइड उघडल्या. प्रॉम्प्ट म्हणजे काय, त्याचे प्रकार, त्याचे घटक. अर्ध्या तासात मागच्या तीन रांगांनी माना टाकल्या. पंख्याखालच्या एका गुरुजींनी तर चक्क घोरायला सुरुवात केली. मी आवाज चढवला, तेवढ्यात काकडे सर उठून उभे राहिले.

"मंडळी, बदली झाल्यावर नव्या शाळेत चार्ज घेताना काय काय घेता?"

उत्तरं आली. चाव्या, हजेरीपट, जडवस्तूंचं रजिस्टर, पोषण आहाराचा साठा.

"ते झालं कागदावरचं. मग जुना गुर्जी च्या पाजताना काय सांगतो?"

हॉल जागा झाला. कुणी म्हणालं, सरपंच कोणाचं ऐकतो ते. कुणी म्हणालं, कोणतं पोर मारकं आहे ते. एक बाई म्हणाल्या, कोणत्या मुलीला घरी अभ्यास करू देत नाहीत ते. सर बोट वर करून थांबले. "व्हय! तोच खरा चार्ज. तो न घेता वर्गावर गेलं तर कितीबी शिकेल गुर्जी असू द्या, पहिल्या दिवशी फजिती. आता हे एआय म्हणजे काल बदलून आलेले गुर्जी समजा. जगातली सगळी पुस्तकं वाचलीत, पण आपलं गाव पाह्यलं नाय. म्याडम ज्याला प्रॉम्प्ट म्हनत्यात ना, त्याला मी म्हनतो चार्ज. चार्ज द्या, मग काम सांगा. आन् एक ध्यानात ठेवा, पोराची गोष्ट सांगायची, नाव नाय सांगायचं. नाव आपल्यापाशी."

लगेच प्रयोगही करून दाखवला. चार्ज न देता गणित मागितलं, तर आलं, 'एका घरात नळाला रोज दोन तास पाणी येते.' पुढचं कुणी वाचलंच नाही. रोज दोन तास नळ येणाऱ्या त्या घराच्या कल्पनेनंच साठ माणसं खदखदून हसली. मग सरांनी मोबाइल तोंडाजवळ नेला आणि सांगितलं, आमच्याकडं पाणी रोज येत नाही. कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या. ड्रम भरून ठेवतात. नळ आला की पोरं शाळा बुडवून रांगेत थांबतात. दुसऱ्या खेपेला आलेलं गणित असं होतं, 'नळ आठव्या दिवशी येतो. घरात दोनशे लिटरचे तीन ड्रम आहेत आणि पाच माणसे आहेत. रोज प्रत्येकाच्या वाट्याला किती पाणी?' मागच्या रांगेतल्या, मघाशी घोरणाऱ्या गुरुजींनी ते तोंडी सोडवलं. पंधरा लिटर. माझ्या स्लाइडमधल्या साठ शब्दांच्या व्याख्येनं जे झालं नव्हतं ते तीन ड्रमांनी झालं. मला त्याचा राग आला, आणि तो राग मी दुपारपर्यंत पुरवला, हे कबूल करते.

दोन दिवसांत त्यांचे बोल हॉलभर पसरले. एआयनं लिहिलेलं काहीही असो, ते उभं राहून मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचा दंडक. "डोळ्यांनी वाचलं की समदं छान वाटतं. तोंडानं वाचा, खोटं असलं तर जीभ अडकती." कुणी म्हणालं, सर, यानंच चूक केली, तर ते म्हणायचे, "खाली सही कुनाची? तुमची. मग त्याचं नाव घिऊ नका." भीती नावालाही नव्हती. नवीन शिक्षक आल्यावर जुना जसा खूश होतो, कामाला माणूस मिळाला म्हणून, तसे ते खूश असायचे. त्यांच्यात खोडी एकच, वेळ पाळायची नाही. जेवणाच्या सुट्टीत गायब व्हायचे आणि खाली पोरांच्या पंगतीत मांडी घालून खिचडी खाताना सापडायचे. हजेरीची लिंक पाचही दिवस त्यांच्या वतीनं मीच भरली.

तिसऱ्या दिवशी माझी पाळी होती, आणि मी हुकमी पान काढलं. वर्णनात्मक नोंदी. प्रगतिपुस्तकात प्रत्येक मुलाविषयी चार ओळी लिहायच्या असतात. तो कसा ऐकतो, कसा बोलतो, कशात रमतो. आमच्या जमातीला याच्याइतका जाच दुसऱ्या कशाचा नाही. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांच्या वह्या उतरवत आलो. मी माझ्या तिसरीच्या वर्गाच्या बेचाळीस मुलांचे हजेरी क्रमांक टाकले, प्रत्येकाची वेगळी आणि सकारात्मक नोंद मागितली, आणि चार मिनिटांत बेचाळीस सुंदर नोंदी पडद्यावर आल्या. टाळ्या पडल्या. मागच्या आठवड्यात माझ्या वर्गाच्या नोंदी मी अशाच करून टाकल्या होत्या, आणि त्यांच्याच आधारानं आरोग्य तपासणीचा तक्ताही भरून दिला होता, हेही मी अभिमानानं सांगितलं. लोकांनी फोटो काढले, पद्धत ग्रुपवर टाकली. काकडे सर एवढंच म्हणाले, "मागल्या आठवड्याच्या नोंदींचा कागद द्या बरं, ताई." आणि कागद घेऊन जेवायला खाली गेले.

अर्ध्या तासानं वर आले ते सरळ माझ्याकडे.

"सत्तावीस नंबर कोन हाय? पंगतीत तिच्या शेजारणीनं नंबर सांगितला."

"नंदिनी. का?"

त्यांनी कागद वाचला, अर्थातच मोठ्यानं. "सूचना लक्षपूर्वक ऐकते व त्यानुसार अचूक कृती करते."

"मग? करतेच. माझ्या वर्गातली सगळ्यात शांत मुलगी आहे ती. अक्षर तर मोत्यासारखं."

"चला खाली."

व्हरांड्यात पंगत बसली होती. सर तिच्या पाठीमागे चार हातांवर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नंदिनी!" तिच्या डावीउजवीकडच्या दोघी वळल्या. ती खात राहिली. सरांनी पुन्हा हाक मारली. शेवटी शेजारणीनं तिच्या गुडघ्याला हात लावला, तेव्हा तिनं वर पाहिलं, सरांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि हसली.

मी म्हणाले, गोंगाट किती आहे, जेवणात लक्ष असेल. ते वाद घालत बसले नाहीत. "आसंल. वर्गात बघू." सुट्टी संपल्यावर त्यांनी मला वर्गासमोर उभं केलं आणि तोंडापुढे वही धरून सूचना द्यायला सांगितली. मी वहीआडून म्हणाले, "वह्या मिटा आणि उभे राहा." वर्ग उभा राहिला. नंदिनीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, वही मिटली आणि तीही उभी राहिली, सगळ्यांच्या अर्धा क्षण मागे. तो अर्धा क्षण जूनपासून रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. मी तो पाहिला नव्हता. मी तिला शांत म्हणत होते, आज्ञाधारक म्हणत होते, आणि ती पोर दिवसभर दुसऱ्यांकडे बघून आपलं न ऐकणं लपवत होती.

मला एकदम आरोग्याचा तक्ता आठवला. 'ऐकण्याची अडचण असलेले विद्यार्थी' या रकान्यापुढे मी लिहिलं होतं, निरंक. पथक परवा येणार होतं. एका दिवसात सगळी शाळा तपासायची म्हणजे वजन, दात, डोळे सगळ्यांचे. कान मात्र वर्गशिक्षकांनी कळवलेल्या मुलांचेच. माझ्या एका शब्दानं नंदिनी त्या यादीच्या बाहेर होती, आणि पथक पुन्हा वर्षभर फिरकणार नव्हतं. आणखी एक वर्ष ती अशीच बघून बघून उभी राहिली असती, आणि चौथीच्या बाईंनाही माझा कागद वाचून वाटलं असतं, मुलगी फार शहाणी आहे.

जिन्यात मी रडले. सर रेलिंग धरून उभे होते. म्हणाले, "माझ्या थोरल्या बहिनीचा कान फुटला व्हता लहानपनी. आमाला वाटायचं, तोऱ्यात हाय, हाकेला ओ देत नाय. लगीन झाल्यावर सासरच्यांनी सांगितलं, तवा कळलं. तुमाला परवाच्या आत कळलं, ताई. दोन दिस हायत अजून."

मला लगेच मार्ग सुचला. पथकातल्या कुणाला तरी फोन करून नाव गुपचूप घालून घेते, म्हणाले. मुख्याध्यापिकांना कळायला नको, आणि वरच्या साठ जणांना तर नकोच नको. 

"घाला. नंदिनीचं काम हुईल. पन तुमची ती चार मिनिटांची पद्धत ग्रुपवर गेली. आज रातच्याला साठ वर्गांच्या नोंदी तशाच तयार हुतील. त्या वर्गांतल्या नंदिनींचं काय करता?"

"म्हणजे मी वर जाऊन सगळ्यांसमोर सांगू?"

"मी सांगितलं तर ती चुगली हुती. तुमी सांगितलं तर प्रशिक्षण हुतं."

मी त्यांच्यावर खूप चिडले. माझी त्या हॉलमध्ये काय प्रतिष्ठा आहे ते त्यांना ठाऊक होतं, आणि तरी ते अगदी सहज, चहा घ्या म्हणावं तसं सांगत होते. पण वर जाण्याचा जिना तोच होता आणि मी चढले.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, वहीआडची सूचना, अर्धा क्षण, निरंक.  मला वाटलं होतं, सर मध्ये पडतील, एखादं हलकंफुलकं बोलून मला सोडवतील. ते शेवटच्या रांगेत खाली मान घालून बसून राहिले. माझं बोलणं मलाच संपवावं लागलं. मग मागून एक गुरुजी म्हणाले, "माझ्या वर्गातबी एक पोरगं असंच शांत हाय."

तेव्हा काकडे सर उठले. "समद्यांनी मोबाइल उपडे ठिवा. कोरा कागद घ्या. आपापल्या वर्गाचे नंबर लिव्हा एकाखाली एक, आन् प्रत्येकापुढं एकच गोष्ट लिव्हा, जी तुमी सोताच्या डोळ्यांनी पाह्यली. गोड नको, खरी. नाय सुचली तर जागा मोकळी सोडा."

साठ माणसं लिहू लागली. पहिली दहा-बारा नावं भराभर झाली. हुशार, व्रात्य, भांडखोर, सगळी. मग पेनं अडखळायला लागली. माझ्या कागदावर अकरा जागा मोकळ्या राहिल्या. बेचाळिसांपैकी अकरा मुलं सहा महिने माझ्यासमोर बसली होती आणि माझ्याकडे त्यांच्याविषयी एक वाक्य नव्हतं. एका बाईंच्या सोळा राहिल्या, त्या कागद झाकायला लागल्या, तर सर म्हणाले, "झाकू नका, बाई. भरलेल्या जागांचं काम झालंय. आपलं काम मोकळ्या जागांचं हाय. ज्याच्यापुढं लिव्हायला सुचलं नाय, उद्या सकाळी त्याच्याजवळ जाऊन बसा. मग नव्या गुर्जींला चार्ज द्या."

त्यानंतर त्यांनी मला मोबाइल उघडायला लावला आणि त्याच एआयला विचारायला सांगितलं, तिसरीतल्या मुलीला कमी ऐकू येत असेल तर वर्गात कोणत्या गोष्टींवरून कळेल. उत्तर आलं, बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहते, एक कान पुढे करते, इतरांचं बघून कृती करते, नेहमी किंचित उशिरा. मी ते उभं राहून मोठ्यानं वाचलं. जीभ कुठंही अडकली नाही. हा प्रश्न मी मागच्या आठवड्यात विचारला असता तर उत्तर मागच्या आठवड्यातच मिळालं असतं. मी विचारलं होतं ते, सकारात्मक नोंद दे. त्यानं दिली.

त्याच संध्याकाळी मी मुख्याध्यापिकांना लेखी दिलं, आधीची माहिती चुकीची होती, दुरुस्ती करावी. त्यांनी मला उभ्या उभ्या बोलून घेतलं, आणि मग पत्रावर सही करून शिपायाहाती पाठवलंही. तपासणीला नंदिनीचं नाव यादीत होतं. आमच्या वर्गातून आणखी एक नाव गेलं, त्या अकरांमधलंच. त्या मुलाचा कान नुसता मळानं भरलेला निघाला. नंदिनीला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिची आई माझ्यासमोर बसून परत परत एकच सांगत होती, "टीव्ही मोठा करती म्हून मी मारलं हो तिला."  मी तिचा हात धरून बसले.

प्रशिक्षण संपलं, तरी काकडे सरांचा फोन यायचा. कधी एखादं गणित वाचून दाखवायला, कधी नव्या गुर्जींची तक्रार सांगायला. "आज त्येनी माझ्या पोरांस्नी समुद्रकिनाऱ्यावर नेलं, ताई. म्हनलं, गुर्जी, आपल्या खाम नदीपासून सुरुवात करा, समुद्राला मागून जाऊ." ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभाला मी चितेगावला गेले होते. भाषणात लोक त्यांना तंत्रस्नेही वगैरे म्हणाले. सर शेजारी बसून गालात हसत होते. स्वतः बोलायला उठले तेव्हा भाषण केलंच नाही. त्यांच्या जागी आलेल्या तरुण शिक्षिकेला पुढे बोलावलं आणि सगळ्या गावासमोर एकतीस पोरांचा चार्ज दिला, एकेका पोराचा, एकेका वाक्यात. पोरं आपापला नंबर कधी येतो म्हणून कान टवकारून बसली होती. पाऊण तास लागला, समारंभाचा वेळ त्यांनी याही वेळी पाळला नाही, आणि एकही जागा मोकळी राहिली नाही.

नंदिनीला कानाचं यंत्र मिळायला काही महिने गेले. ते लावून ती पहिल्यांदा शाळेत आली त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे शिकवायला लागले. वीस वर्षांची सवय. माझा आवाज शेजारच्या वर्गात जातो, याचा मला अभिमान होता. दहा मिनिटांनी तिनं हात वर केला. तिनं वर्गात स्वतःहून हात वर केलेला मी कधी पाहिला नव्हता. उभी राहून, यंत्रावर बोट ठेवून ती म्हणाली, "बाई, तुमी लई जोरात बोलता."

वर्ग हसला. मी कसाबसा तास पुरा केला आणि शाळेच्या मागच्या व्हरांड्यात जाऊन काकडे सरांना फोन लावला. ते शेतात होते. मागे मोटरचा आवाज येत होता. मी तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.  त्यांनी आधी मोटर बंद केली.

"मग? बोलल्या का हळू?"

"बोलले, सर."

"किती हळू?"

"ती सांगेल तितकं."